कँब्रियनच्या खाली काय आहे?

भूशास्त्रीय कालगणनेचा पाठ्यपुस्तकातला तक्ता आठवून पाहा. सर्वांत वर नवजीव महाकल्प, सस्तन प्राण्यांचा. त्याखाली मध्यजीव, डायनासोरांचा. त्याखाली पुराजीव, माशांचा आणि ट्रायलोबाइट या कवचधारी समुद्री प्राण्यांचा. आणि या पुराजीवाचा तळचा कप्पा म्हणजे कँब्रियन. त्याच्याही खाली बोटभर रुंदीची एक पट्टी असते आणि तिच्यावर एकच शब्द लिहिलेला असतो: कँब्रियनपूर्व.

वर नावांची दाटी आणि खाली एक शब्द, त्यामुळे खाली फारसं काही घडलंच नाही असा समज होतो. प्रमाण मात्र नेमकं उलटं आहे. पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं. कँब्रियन सुरू झाला ५३ कोटी ८८ लाख वर्षांपूर्वी. म्हणजे ती बोटभर पट्टी पृथ्वीच्या इतिहासाचा ८८ टक्के भाग आहे. फक्त सजीवांचा इतिहास मोजला तरी फार फरक पडत नाही: किमान ३४८ कोटी वर्षांपैकी सुमारे २९४ कोटी त्या पट्टीतलीच. पेशी, प्रकाशसंश्लेषण, हवेतला ऑक्सिजन, पेशीतलं केंद्रक, नर-मादी पेशींच्या संयोगातून होणारं पुनरुत्पादन, अनेक पेशींचं मिळून एक शरीर हे सगळं तिथेच घडलं. वरच्या कप्प्यांत जे आहे ते या भांडवलावर उभं आहे.

हे अंतर डोळ्यांसमोर आणायला समृद्धी महामार्ग घेऊ. नागपूर ते भिवंडीजवळचं आमणे ७०१ किलोमीटर. नागपूरला पृथ्वी तयार झाली आणि आमण्याला आजचा दिवस आहे असं धरलं, तर एक किलोमीटर म्हणजे सुमारे ६५ लाख वर्षं. सजीवांचे पहिले भरवशाचे पुरावे नागपूरपासून १६४ किलोमीटरवर भेटतात. हवेत ऑक्सिजन साठायला लागतो तो ३३० किलोमीटरच्या आसपास. ५२० किलोमीटरवर शिर्डी येते, तोवर डोळ्यांना सहज दिसेल असा एकही प्राणी नाही. कँब्रियन सुरू होतो इगतपुरीच्या सहा-सात किलोमीटर अलीकडे. डायनासोर संपतात तेव्हा आमणे फक्त दहा किलोमीटरवर आलेलं असतं. आपल्या जातीचा माणूस, तीन लाख वर्षांपूर्वीचा, शेवटच्या ४६ मीटरमध्ये.

सह्याद्रीला आपण प्राचीन म्हणतो. त्याचा काळा कातळ ज्या लाव्हापासून बनला तो मुख्यतः ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आसपास वाहिला. या हिशेबात तो अगदी अलीकडचा. खरोखर जुना खडक पाहायचा तर या लाव्हाच्या थरांच्या बाहेर जावं लागतं: भंडारा-गडचिरोलीकडे, किंवा खाली सिंधुदुर्ग आणि गोव्यात. तिकडे आपण पुढे जाणारच आहोत.

ती पट्टी रिकामी का राहिली, याचं उत्तर तक्ता कसा तयार झाला यात आहे. इंग्लंडमध्ये कालव्यांच्या कामावर सर्वेक्षक असलेल्या विल्यम स्मिथ यांच्या लक्षात आलं की खडकाच्या प्रत्येक थरात ठरावीक जीवाश्म सापडतात आणि गाव बदललं तरी थरांचा क्रम बदलत नाही. त्या आधारावर त्यांनी १८१५ साली इंग्लंड-वेल्सचा भूशास्त्रीय नकाशा प्रसिद्ध केला. पुढच्या काही दशकांत युरोपातले थर असेच एकेक ओळखून त्यांना नावं दिली गेली. वेल्समधल्या खडकांवरून अ‍ॅडम सेजविक यांनी १८३५ मध्ये कँब्रियन हे नाव दिलं. ही सगळी पद्धत डोळ्यांना दिसणाऱ्या, टणक अवयव असलेल्या जीवाश्मांवर उभी होती. कँब्रियनच्या खाली शिंपले नव्हते, कवचं नव्हती, म्हणून नावं द्यायलाही आधार नव्हता. चार्ल्स डार्विन यांना १८५९ मध्ये हीच गोष्ट डाचत होती. ट्रायलोबाइटसारखे गुंतागुंतीचे प्राणी खडकात एकदम उगवल्यासारखे दिसतात. त्यांचे पूर्वज असायलाच हवेत, मग त्यांच्या खुणा कुठे गेल्या? याला आपल्याकडे समाधानकारक उत्तर नाही, असं त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलं.

दुसरी अडचण अशी की या तक्त्यात क्रम होता, वर्षं नव्हती. आधी काय आणि नंतर काय हे कळत होतं, किती आधी हे कळत नव्हतं. लॉर्ड केल्विन यांनी पृथ्वी निवत गेली असं धरून १८६२ मध्ये तिचं वय २ ते ४० कोटी वर्षं काढलं आणि पुढे ते आणखी खाली आणलं. उत्क्रांतीला लागणारा वेळ त्यात मावत नव्हता.

किरणोत्सर्गाचा शोध लागला आणि खडकातच घड्याळ सापडलं. युरेनियमचं शिसं होतं, आणि ते ठरावीक वेगाने होतं. युरेनियम-२३८ चा निम्मा साठा संपायला ४४७ कोटी वर्षं लागतात. झिरकॉन नावाचं एक कणखर खनिज आहे. शिलारसातून त्याचा स्फटिक बनताना तो युरेनियम आत घेतो, शिसं मात्र जवळपास घेतच नाही. त्यामुळे आज त्या स्फटिकात जे शिसं सापडतं ते स्फटिक बनल्यानंतर आतच तयार झालेलं असतं. युरेनियम किती, शिसं किती हे मोजा, वय मिळतं. गाळाच्या खडकाचं वय थेट असं काढता येत नाही, कारण त्यातले कण दुसरीकडून वाहून आलेले असतात. पण त्या थरांच्या मध्ये ज्वालामुखीच्या राखेचा पातळसा थर मिळाला, तर त्यातला झिरकॉन तारीख सांगतो. पुढे विंध्याची गोष्ट येईल, ती या राखेवरच फिरते. पृथ्वीचं वय क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ साली उल्कांमधल्या शिशावरून ४५५ कोटी काढलं. आजचा आकडा त्याच्या अगदी जवळ आहे.

आता खालची पट्टीही तीन खंडांत विभागली जाते: हेडियन, आर्कियन आणि प्रोटेरोझोइक. कँब्रियनपासून आजपर्यंतचा सगळा काळ हा चौथा खंड, फॅनरोझोइक. हेडियन सुमारे ४०३ कोटी वर्षांपूर्वी संपला आणि आर्कियन २५० कोटी वर्षांपूर्वी. २५० कोटी हा आकडा इतका गोल आहे कारण तो सोयीसाठी ठरवलेला आहे. याउलट ५३ कोटी ८८ लाख हा आकडा प्रत्यक्ष खडकातल्या एका रेषेचं मोजलेलं वय आहे.

हेडियनचे खडक आज जवळपास उरलेले नाहीत. उरले आहेत ते काही कण. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये झिरकॉनचे बारीक स्फटिक सापडले. त्यांतल्या सर्वांत जुन्याचं वय ४४० कोटी वर्षं. या कणांमधल्या ऑक्सिजनच्या जड आणि हलक्या अणूंचं प्रमाण असं आहे की ज्या खडकातून ते बनले तो आधी पाण्याच्या संपर्कात आलेला असावा. म्हणजे पृथ्वी बनल्यावर थोड्याच काळात तिच्यावर द्रवरूप पाणी असावं. केसाएवढ्या रुंदीच्या कणातून एवढं कळू शकतं, याचं मला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटतं.

आर्कियनमध्ये खरे सजीव भेटतात. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्याच पिलबारा भागात ३४८ कोटी वर्षं जुने स्ट्रोमॅटोलाइट आहेत. उथळ पाण्यात सूक्ष्मजीवांचा चिकट थर पसरतो. त्यावर गाळ बसतो. उजेडासाठी जीव त्या गाळातून वर सरकतात आणि नवा थर करतात. असं वर्षानुवर्षं चालून दगडी घुमट उभा राहतो. अडचण अशी की नुसत्या रासायनिक क्रियेने किंवा खडकावर पडलेल्या दाबानेही लाटांसारखे थर होऊ शकतात. ग्रीनलँडमधल्या ३७० कोटी वर्षांच्या खडकात स्ट्रोमॅटोलाइट सापडल्याचं २०१६ मध्ये जाहीर झालं. दोन वर्षांनी दुसऱ्या गटाने तेच आकार सर्व बाजूंनी तपासले आणि ते दाबाखाली खडकाला पडलेल्या घड्या आहेत असं मत दिलं. म्हणून मी वर ‘किमान ३४८ कोटी’ असं म्हटलं. जीवन त्याहून जुनं असणं अगदी शक्य आहे, पण पुरावा इथून पुढे भक्कम होतो.

हे पहिले जीव ऑक्सिजनशिवाय जगत. तेव्हाच्या हवेत तो नव्हताच. कुणी हायड्रोजनवर, कुणी गंधकावर, कुणी लोहावर भागवत असे. सूर्यप्रकाश वापरणारे होते, पण ऑक्सिजन न सोडता. मग एका जीवाणूगटाला, सायनोबॅक्टेरियांना, पाण्याचा रेणू फोडून त्यातला हायड्रोजन घेणं जमलं. पाणी सगळीकडे होतं, त्यामुळे त्यांना अन्न तयार करायला कच्च्या मालाची वाण राहिली नाही. उरलेला ऑक्सिजन ते बाहेर सोडत. आजही झाडं हेच करतात, कारण झाडांच्या पानातलं हरितद्रव्य ज्या कणिकांत असतं त्या मुळात पेशीत शिरून कायमच्या राहिलेल्या सायनोबॅक्टेरियाच आहेत.

सोडलेला ऑक्सिजन लगेच हवेत साठला नाही. ज्वालामुखींतून येणारे वायू आणि समुद्रात विरघळलेलं लोह तो शोषून घेत होते. ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात लोह विरघळून राहतं. ऑक्सिजन भेटला की गंजून तळाशी बसतं. अशा गंजाचे लाल-काळे थर आणि मध्ये सिलिकाचे थर, असे पट्टेदार लोहखडक जगभर आहेत. काही ठिकाणी लोह गंजवण्याचं काम थेट जीवाणूंनीच केलं असावं, ऑक्सिजनची वाट न पाहता. गोव्यातलं डिचोली-सांगे पट्ट्यातलं लोहखनिज आणि गडचिरोलीच्या सुरजागडचं खनिज अशाच पट्टेदार लोहखडकांशी निगडित आहे. पुढे पावसाने सिलिका धुऊन नेली आणि लोहाचं प्रमाण वाढलं, म्हणून तिथे खाणी झाल्या. मांडवीतून बार्जमधून मुरगावला गेलेलं ते खनिज अब्जावधी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाशी बसलेलं लोह होतं. गोव्याच्या खाणींवर आपण इतकं बोलतो, भांडतो. त्यात या गोष्टीला कधीच जागा मिळत नाही, याची मला खंत आहे.

सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी मात्र तोल फिरला आणि हवेत ऑक्सिजन टिकू लागला. हे कळलं गंधकावरून. हवेत ऑक्सिजन नसेल तर वर ओझोनही नसतो. मग सूर्याची अतिनील किरणं थेट खाली येतात आणि ज्वालामुखीच्या गंधकवायूंवर अशी क्रिया करतात की गंधकाच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचं प्रमाण एका विशिष्ट तऱ्हेने विस्कटतं. ही खूण जुन्या खडकांत सर्रास आहे आणि या काळानंतर नाहीशी होते. २००० साली ही गोष्ट प्रसिद्ध झाली आणि त्याआधीच्या बऱ्याच वादांवर पडदा पडला. त्याच सुमारास नदीच्या गाळात पायराइटचे, म्हणजे लोह-गंधकाच्या खनिजाचे, न गंजलेले गोटे दिसेनासे होतात आणि जमिनीवरचे गाळ लाल दिसायला लागतात. ज्या जीवांना ऑक्सिजन विषारी होता ते चिखलात, खोल पाण्यात गेले. त्यांचे भाऊबंद आज आपल्या आतड्यांत सुखाने आहेत.

प्रोटेरोझोइकमधली सर्वांत मोठी घटना म्हणजे केंद्रक असलेली पेशी. झाडं, बुरशी, प्राणी, सगळे तिचे वंशज. एका पेशीत दुसरा जीवाणू शिरला, पचला नाही, तिथेच राहिला आणि ऑक्सिजन वापरून ऊर्जा पुरवू लागला; तीच आजची आपली मायटोकाँड्रिया. तिचा स्वतःचा वेगळा डीएनए अजून आहे. हे नेमकं कधी घडलं, हे ठरवायला जुने जीवाश्म हवेत. आणि इथे गोष्ट विंध्यावर येते.

विंध्यचे थर राजस्थानातल्या चित्तोडगडपासून बिहारातल्या सासारामपर्यंत पसरले आहेत. अशोकाच्या स्तंभांचा चुनारचा दगड आणि फत्तेपूर सिक्रीचा लाल दगड याच थरांतला. इतके जुने असून हे थर फारसे दबले-वितळले नाहीत, हे त्यांचं मोल. १९९८ साली यांच्याबद्दल दोन दावे आले. जर्मन जीवाश्मतज्ज्ञ अ‍ॅडॉल्फ सायलाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हटलं की मध्य प्रदेशातल्या चोरहटच्या वालुकाश्मात किड्यांनी पोखरल्याच्या खुणा आहेत, आणि खडक शंभर कोटींहून जुना आहे. तसं असेल तर प्राण्यांचा इतिहास दुप्पट लांबतो. देहरादूनच्या वाडिया संस्थेतले आर. जे. आझमी यांनी म्हटलं की त्याच्या वरच्या चुनखडीत कँब्रियनमध्ये मिळतात तसे बारीक कवचांचे जीवाश्म आहेत, म्हणजे खडक ५४ कोटींच्या आसपासचा. दोन्ही एकाच वेळी खरं असणं कठीण होतं. आझमींचे जीवाश्म इतरांना पुन्हा मिळेनात, आणि त्यांच्याबद्दल संशयाची भाषा सुरू झाली.

२००२ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी याच थरांमधल्या ज्वालामुखीच्या राखेतले झिरकॉन मोजले. उत्तर आलं सुमारे १६० कोटी वर्षं. आझमींचं वय चुकलं होतं, आणि चोरहटचा खडक शंभर कोटींच्याही खूप मागे गेला. १६० कोटी वर्षांपूर्वी किडे असणं फारच अवघड, त्यामुळे चोरहटच्या खुणा आता बहुतेक जण सूक्ष्मजीवांच्या थरांशी जोडतात. आझमींच्या जीवाश्मांचं मात्र वेगळं झालं. स्टॉकहोमच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातले स्टेफान बेंग्टसन आपल्या सहकाऱ्यांसह चित्रकूटच्या जानकीकुंडाजवळच्या थरांत गेले, आणि २००९ मध्ये त्यांनी लिहिलं की जीवाश्म अस्सल आहेत, फक्त ते कँब्रियनचे नसून त्याहून शंभर कोटी वर्षांनी जुने आहेत. नळीसारखे दिसणारे ते आकार कवचं नव्हती, तंतुमय शैवाल होतं. २०१७ मध्ये अतिशय प्रखर क्ष-किरणांनी त्यांच्या आत पाहिलं गेलं. एकामागे एक रचलेल्या पेशी दिसल्या आणि प्रत्येक पेशीच्या मध्यभागी एक चकती. संशोधकांच्या मते ते लाल शैवाल होतं. त्याआधी ओळखलेलं सर्वांत जुनं लाल शैवाल कॅनडातलं, आजच्या मोजणीप्रमाणे सुमारे १०५ कोटी वर्षांचं. ते नातं सगळ्यांना पटलेलं नाही, पण केंद्रक असलेले बहुपेशी जीव १६० कोटी वर्षांपूर्वी चित्रकूटच्या उथळ समुद्रात होते, हा त्याचा अर्थ. त्यातल्या एका प्रजातीचं नाव रफातॅझमिया चित्रकूटेन्सिस ठेवलं आहे: रफत आझमी यांच्यावरून. हे नाव ठेवणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे.

त्यानंतर पृथ्वी दोनदा जवळपास पूर्ण गोठली, ७१ कोटी ७० लाख ते ६३ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीच्या काळात. तेव्हा विषुववृत्ताजवळच्या समुद्रांतही हिमनद्यांनी आणलेला गाळ बसला. बर्फ वितळल्यावरचा काळ म्हणजे एडियाकरन. त्यात पहिल्यांदा मोठी, मऊ शरीरं दिसतात: पानांसारखी, चकत्यांसारखी, कुठलंही कवच नसलेली. डार्विन यांना हवे असलेले पूर्वज इथे होते. ऑस्ट्रेलियातल्या एडियाकरा टेकड्यांत रेज स्प्रिग यांना हे ठसे १९४६ साली मिळाले. यातल्या डिकिन्सोनियाच्या रशियातल्या नमुन्यांत २०१८ मध्ये कोलेस्टेरॉलचे अवशेष मिळाले, म्हणजे तो प्राणीच होता.

हाच डिकिन्सोनिया भीमबेटकाच्या गुहेच्या छताशी सापडल्याची बातमी २०२१ मध्ये आपल्याकडे मोठी झाली. ती खरी असती तर विंध्यच्या वरच्या थरांचं वय सुमारे ५५ कोटींवर आलं असतं. भूशास्त्रज्ञ जोसेफ मीर्ट आणि सहकारी तिथे जाऊन आले तेव्हा तो ‘जीवाश्म’ सोलून निघत होता. ते मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचे अवशेष होते. मूळ दावा करणाऱ्या ग्रेगरी रिटॅलॅक यांनी ते मान्य केलं. भीमबेटकाच्या वरच्या थरांतल्या झिरकॉनवरून ते शंभर कोटींहून जुने असावेत, असं मीर्ट यांच्या गटाचं म्हणणं आहे.

एडियाकरन संपून कँब्रियन कुठे सुरू होतो, ती रेषा १९९२ मध्ये कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या फॉर्च्यून हेड इथे ठरली. ती कुठल्या शरीरावरून ठरलेली नाही. समुद्रतळाच्या गाळात एका प्राण्याने वर-खाली, फांदी फुटल्यासारखी काढलेली बिळं, ही तिची खूण. त्या प्राण्याचं शरीर कुठेच राहिलं नाही, वाट राहिली. त्याआधी समुद्राचा तळ सूक्ष्मजीवांच्या थरांनी झाकलेला असे. पोखरणारे आणि चरणारे प्राणी आल्यावर ते थर फाटू लागले. स्ट्रोमॅटोलाइटांची पीछेहाट आधीच सुरू झाली होती, आणि तिच्यामागचं एक कारण हेही मानलं जातं. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या शार्क बेमधल्या हॅमेलिन पूलमध्ये ते अजून वाढतात. तिथलं पाणी नेहमीच्या समुद्राच्या दुप्पट खारं आहे आणि त्यांना खरवडून खाणाऱ्या गोगलगायींना ते फारसं मानवत नाही.